दाजींचे कान

"हा पाटा वळखता का, मामा?" इसहाकने तुटक्या पाट्याचे दोन तुकडे ऐरणीशेजारी टाकले.

हौसरावांनी लगेच ओळखला. इसहाकच्या टेम्पोच्या मागच्या चाकावरच्या स्प्रिंगचा, त्यांनीच तापवून कमान दिलेला. दौंडात शिरूर रस्त्याला त्यांचं कमानपाट्यांचं वर्कशॉप होतं, आणि शिरूरपर्यंतचे टेम्पोवाले त्यांच्याकडेच यायचे.

"न्हावऱ्याच्या म्होरं वळणावर तुटला. टेम्पो चारीत गेला. संगं जस्मिन हुती, माझी पोरगी. तिचा हात मोडला."

हौसरावांनी तुकडा उजेडात धरला. तुटल्या कडेचा अर्धा भाग चकाकत होता आणि अर्धा काळा पडला होता. चकाकणारा भाग आत्ताचा. काळा म्हणजे जुना तडा, पाटा इथून गेला तेव्हाच त्यात असलेला.

"आमी पाटा वाजवल्याबिगर सोडत न्हाई," ते म्हणाले.

पाटा दोरीला टांगायचा आणि हातोडीने एक ठोका द्यायचा, अशी त्यांची रीत होती. ठोक्याची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते, परत फिरते, पुन्हा धावते. पाटा अखंड असला तर खणखण बराच वेळ घुमते. तडा असला की लाट तिथेच अडखळते आणि आवाज बद्द येतो. इतकी साधी गोष्ट. पण जन्मभर घण मारून हौसरावांचे कानच गेले होते. समोरून बोललेलं कळायचं, ही बारीक खणखण मात्र नाही. बहिऱ्याकडे पाटे कोण टाकणार? म्हणून बायको रंभा, तिचा धाकटा भाऊ शंभू आणि ते स्वतः अशा तिघांनी मिळून ही गोष्ट झाकली होती. शंभू ठोका मारायचा, ऐकायचा आणि आवाज चांगला असला की मान डोलवायचा. त्या मानेच्या भरवशावर हौसराव पाटा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे.

"शंभू स्टँडवर सांगत फिरतोय," इसहाक जरा मोठ्याने म्हणाला. "म्हंतो, दाजींना ऐकू येत न्हाई, त्यांच्याकडनं तडकलेले पाटे जात्यात. सणसवाडीला माझं शॉप निघतंय, तिकडं या. मला काय पटलं न्हाई. म्हणलं, मामांनाच इचारावं. खोटंच हाय ना?"

हौसरावांनी पाट्याचे दोन्ही तुकडे उचलून आत नेऊन ठेवले. इसहाकने ते पाहिलं. मग "येतो" म्हणून निघून गेला.

शंभू चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी सकाळचे पाटे टांगून ठेवले होते.

"वाजव."

शंभूने ठोका मारला. हौसरावांनी पाट्याच्या खालच्या टोकाला हलकेच बोटं टेकवली. लाट बोटांत आली, कितीतरी वेळ मुंग्यांसारखी चालत राहिली. दुसऱ्या पाट्याचंही तसंच. तिसऱ्याला ठोका बसला आणि बोटाखाली लगेच सगळं थंड पडलं. शंभूने मान डोलवली.

"चांगला हाय?"

"एकदम खणखणीत, दाजी."

"ह्यात तडा हाय, शंभू."

शंभूने त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली.

"तुमचं नाव हाय तवर माझ्याकडं कोण येणार? किती दिस तुमच्या हाताखाली काढू?"

"जस्मिनचा हात मोडला."

"एवढं व्हईल असं वाटलं न्हवतं." त्याने खुंटीवरचा शर्ट घेतला. "मला एकट्याला बोलू नगा. आक्काला समदं ठाऊक हाय."

हौसरावांना त्याला मारावंसं वाटलं आणि रडूही आलं. अरे, भांडून वेगळा हो, समोर दुकान थाट, चार शिव्या दे. माणसं वेगळी होतातच. पण ज्याने हाताला धरून शिकवलं, ज्याला ऐकू येत नाही म्हणून तुझ्या मानेवर विसंबतो, त्याच्यासमोर खोटी मान डोलवायची? त्यांनी तो तिसरा पाटा ऐरणीवर घेतला आणि घणाने तुकडे केले. मग दिवस असतानाच शटर ओढलं.

घरी रंभा भाकरी करत होती. ते दारातच उभे राहिले.

"शंभूचं तुला ठाऊक हुतं?"

त्यांना कमी ऐकू यायला लागल्यापासून रंभा कधी पाठमोरी बोलली नव्हती. हातातलं काम टाकून पुढ्यात यायची, एकेक शब्द सावकाश बोलायची. आज तिने भाकरी उलटली आणि चुलीकडे तोंड ठेवूनच काहीतरी म्हणाली. तिचे खांदे तेवढे हलले.

हौसरावांनी पुन्हा विचारलं नाही. पाय धुतले आणि येऊन पाटावर बसले.