आईला काही सांगू नका

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन जमलं तर नाव सर्जनचं आणि बिघडलं तर खापर आमच्यावर, याची मला सवय आहे. पण हडपसरच्या कौशल्याबाईंचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, आणि तरीही चूक माझीच होती.

गुडघा बदलायचा होता. नंतर दुखू नये म्हणून मी जांघेतल्या नसेभोवती औषध सोडणार होते. त्याने कळा थांबतात, पण मांडीतला जोरही दिवसभर जातो. उभं राहिलं की गुडघा दुमडतो. हे सांगायला गेले, तर त्यांच्या मुलाने, तेजसने, मला दाराबाहेर गाठलं. खराडीत मॅनेजर आहे तो.

"मॅडम, आईला डिटेल्स नका सांगू. पायात जोर नसणार म्हटलं की तिचं बीपी शूट होईल. मला सांगा, मी बघतो."

आपल्याकडे ही रीतच आहे. दुखणं ज्याचं, त्याला सोडून सगळ्या गावाला माहिती. मीही "बरं" म्हटलं, कारण पुढची केस थांबली होती. फाइलवर 'उभं करू नये' असं लिहिलं, तेजसला बजावलं आणि माझं काम संपलं असं मानलं. फाइल काय पेशंट वाचतो?

संध्याकाळी ऑपरेशनसाठी कमरेत दिलेली भूल उतरली, पण जांघेतल्या औषधाचा असर अजून होता. पाय दुखेना, पाऊलही हलू लागलं. तेजस ऑफिसच्या कॉलसाठी बाहेर होता, सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी. कुणाला कशाला त्रास, म्हणून बाई बाथरूमला जायला एकट्याच उठल्या. त्याच पायावर भार दिला आणि कोसळल्या. खुबा मोडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तसंच इंजेक्शन. तेजसचे डोळे सुजले होते. "मॅडम, प्लीज, आता तर तिला अजिबातच सांगू नका."

मी आत गेले, स्टूल ओढलं आणि बाईंना सगळं सांगितलं. सुई कुठे टोचणार, पायातलं काय जाणार, किती वेळ. काल त्या का पडल्या, तेही. माझी चूक झाली, असं म्हणताना मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढंच होतं होय? अहो डॉक्टर, सव्वीस वर्षं कंपनीत पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होते मी, जरा चुकलं की बोट जातं तिथे. ही बघा, दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. सांगितलेलं ऐकता येतं मला."