टाचेची भेग

वाळवंटातल्या युमा गावच्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही. आला की वाळतो, अंगावर नुसतं मीठ राहतं. ऑक्टोबर निम्मा सरला तरी उन्हाचा ताप उतरत नाही, आणि पळणाऱ्या पोरींच्या टाचा उलतात. कोच ओचोआबाईंचा नियम साधा होता. सरावानंतर पाय कोमट पाण्यात भिजवायचे, दगडाने घासायचे, गाईच्या सडांना लावतात ते मलम थापायचं आणि मोजे घालून झोपायचं. तरी भेग पडलीच तर ती धुऊन, कोरडी करून वर सुपरग्लूचा एक थेंब. डॉक्टर नाक मुरडायचे, पण शाळेतल्या सगळ्या धावपटू पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या होत्या.

यारेली संघातली सगळ्यात वेगवान, आणि पाय धुण्याच्या बाबतीत सगळ्यात आळशी. सोमवारी कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्याने सात मैल पळून आली आणि धुळीने भरलेल्या भेगेत तसाच ग्लू ओतून मोकळी झाली.

"अगं, धुऊन तरी घ्यायची!" इत्सेल म्हणाली.

"तू माझी आई आहेस का?"

इत्सेल तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, आणि संघातली आठवी. शर्यतीत सातच पळतात. राज्य स्पर्धेला जायचं की नाही, ते शनिवारच्या शर्यतीवर ठरणार होतं.

गुरुवारी यारेली चवड्यावर चालत होती. कपडे बदलायच्या खोलीत इत्सेलने तिला बाकावर बसवलं आणि मोजा ओढून काढला. टाच टम्म सुजली होती, हाताला चटका बसेल इतकी गरम. घोट्यावरून एक लाल रेघ पोटरीकडे निघाली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण यारेलीला ते पटेल तर ना!

"कोचना सांग," इत्सेल म्हणाली.

"शनिवार झाला की सांगते."

"ही रेघ बघ! आमच्या तात्यांच्या शेतावरच्या मुकादमाला अशीच आली होती. दोन दिवस अंगावर काढलं त्यानं, तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं फिनिक्सच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं."

"मुकादम म्हातारा होता."

"तू सांग, नाहीतर मी सांगते."

यारेलीने मोजा वर ओढला. "सांग की. मी गेले की जागा कुणाला मिळते, ते मला कळत नाही होय?"

इत्सेल बाहेर येऊन कठड्यावर बसली. खोटं कशाला बोला, तिला ती जागा हवीच होती. दोन वर्षं हवी होती. यारेली जरा आजारी पडावी, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं होतं, आणि आता तेच तिला बोलू देत नव्हतं. गप्प बसलं तर मैत्रिणीचा पाय जातो, बोललं तर मैत्रीण जाते. अर्धा तास ती तिथेच बसून राहिली. मग उठली.

ओचोआबाई पिकअपमध्ये पाण्याचे कॅन चढवत होत्या. इत्सेलने एका दमात सगळं सांगितलं.

"कधी पाहिलंस?"

"अर्ध्या तासापूर्वी. ती पळाली नाही तर मला पळायला मिळेल ना कोच, म्हणून तोंड उघडेना. मी नाही पळणार."

"पळशील. सात जागा आहेत, सात जणी पळतील. लोकांच्या जिभेला हाड नसतं, म्हणून मी सहाच पळवू?" बाईंनी कॅन खाली आदळला. "कुठंय ती?"

दवाखान्यात नर्सने ग्लू सोलून काढला तेव्हा आतून पू आला. पसरतेय का ते कळावं म्हणून तिने सुजेच्या आणि रेघेच्या कडेने पेनाने खूण केली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस काढला असता तर मामला हाताबाहेर गेला असता. यारेली भिंतीकडे तोंड करून पडली होती. परतताना बाईंच्या पिकअपमध्ये ती इत्सेलकडे पाठ करून बसली.

शुक्रवारी संध्याकाळी इत्सेलचा फोन वाजला.

"मी तुझ्यावर रागावलेय," यारेली म्हणाली. "महिनाभर तरी रागावणार आहे."

"बरं."

"आणि ऐक. शेवटच्या मैलात वाळू आहे, मधून जाऊ नकोस, डाव्या कडेनं पळ. सॅन लुइसच्या पोरी आधी फार जोरात सुटतात, त्यांच्या नादी लागू नकोस. मागाहून गाठशील."

"बरं."

"नुसतं बरं बरं काय करतेस, बावळट! हरलीस तर दोन महिने बोलणार नाही."

इत्सेलला हसू आलं, पण ते तिने दाबलं. मग तिने विचारलं, "पाय कसाय गं?"



"दुखतोय," यारेली म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "सोमवारपासून दुखतोय गं. खूप दुखतोय."