परक्याचा तुकडा

डाकार बंदर वेळेवर गाठलं तर पांतेलिसच्या पदरात काय पडणार, हे सगळ्या जहाजाला पाठ होतं. तिथे त्याच्या जागी येणारा नवा मुकादम थांबला होता. पांतेलिसनं शिडी उतरायची, विमानानं अथेन्स, मग बोटीनं आंद्रोस बेट, आणि रविवारी मुलीच्या लग्नात तिचा हात धरून चर्चपर्यंत चालायचं. कालिओपी एकुलती एक. तिच्या बाप्तिस्म्याला तो काँगोतल्या मटाडीला लाकूड भरत होता, ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा लागोसच्या बाहेर रांगेत ताटकळत होता. लग्न तेवढं हातचं राहिलं होतं.

वीस वर्षं हा किनारा त्यानं घासला. पण आफ्रिका म्हणजे त्याच्या लेखी धक्क्याचं फाटक, फाटकाबाहेरची गल्ली आणि गल्लीतला बार. त्यापलीकडे तो कधी गेला नाही. बंदरं तो तळावरून ओळखायचा: इथे चिखल आहे, नांगर चटकन धरतो, तिथे खडक, घसरतो. माणसं कशी आहेत म्हणून घरी कुणी विचारलं, की हवा फार दमट असते म्हणायचा.

घानातल्या टाकोराडीला कोको भरून नववर्षाच्या दुपारी निघायचं होतं. निघण्याआधी जहाज धुंडाळायचं, कुणी लपून बसलेलं नाही ना ते पाहायचं, हे मुकादमाचं काम. सगळं पाहून झालं, राहिली ती पुढच्या टोकाची साखळीची कोठी. नांगर वर घेतला की त्याची साखळी जिथे वेटोळं घालून पडते, ती काळोखी विहीर. तेवढ्यात आचारी थानासिस परात बडवत आला. कप्तान याकुमिस केक कापायला उभा होता, आणि नववर्षाच्या केकला जो नसेल त्याचं वर्ष वाईट जातं, हे त्या जहाजावर कुणी तपासून पाहायला तयार नव्हतं. पांतेलिसनं कोठीचं दार उघडून आत दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. हाका ग्रीकमध्ये होत्या, ते सोडा. सगळं पाहिलं, असं कप्तानाला सांगून तो टेबलाशी बसला.

पहिला तुकडा संताचा, दुसरा जहाजाचा, तिसरा दारी येणाऱ्या परक्याचा, मग माणसांचे. शुभ म्हणून केकात दडवलेलं नाणं कप्तानालाच निघालं, दरवर्षी निघतं तसं. परक्याचा तुकडा फडक्याखाली झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला थानासिस फडकं हातात घेऊन उभा राहिला.

"कुणी गिळला रे? भूक लागली तर माझ्याकडे मागा की, परक्याच्या ताटात कसले हात घालता?"

"उंदीर असेल," पांतेलिस म्हणाला.

"खाऊन वर फडकं नीट झाकणारा? असला उंदीर मला मदतनीस म्हणून दे, मुकादमा."

सगळे हसले. पांतेलिसही हसला, आणि ताट सोडून जहाजाच्या पुढच्या टोकाकडे गेला.

कोठी दहा पावलांवर होती. पण पाहिलं आणि माणूस सापडला, तर कप्तानाला कळवावं लागणार. कळवलं की जहाज उलटं टाकोराडीला. तिथले म्हणणार, आमचा नव्हे; पुढचे म्हणणार, आमच्याकडे नको. असली जहाजं महिनोन्‌महिने भटकलेली त्यानं पाहिली होती. न पाहिलेला माणूस मात्र कुणाला अडवत नाही. डाकारला थेट धक्क्याला लागायचं होतं, नांगराचं काम नव्हतं. तो आपला आपण उतरून जाईल, मी माझा उतरेन. असा सौदा त्यानं समोरच्याला न विचारताच करून टाकला. रात्री मात्र पावाची लादी टेबलावर विसरायला लागला. सकाळी ती नसायची.

डाकार दिसलं आणि कप्तानानं कर्ण्यातून सांगितलं की धक्का रिकामा नाही, नांगर टाकायचा.

पांतेलिस नांगराच्या यंत्रापाशी गेला. ब्रेक सैल केला की साखळी कोठीतून सुसाट वर खेचली जाणार. आत माणूस असला, तर वर येईल त्याला माणूस म्हणता येणार नव्हतं. वारा जहाजाला बाजूच्या तेलवाहू जहाजाकडे लोटत होता.

"सोड," कर्णा म्हणाला.

त्यानं हात चाकावर ठेवला. साखळीच्या नळीला कान लावला. आत काहीच नव्हतं, किंवा श्वास रोखलेला होता.

"सोड रे पांतेली, झोपलास का?"

ब्रेक अडकलाय, असं तो ओरडला. मग दुसरा नांगर टाक, कप्तान म्हणाला. दोन्ही साखळ्या एकाच कोठीत, मध्ये नुसती कंबरभर भिंत. तेलवाहू जहाजावरचे खलाशी कठड्याशी धावत आले. त्यांचे चेहरे ओळखू येऊ लागले.

पांतेलिसनं भिंतीवरचा फोन उचलला.

"कप्तान, कोठीत माणूस आहे."

"तुला काय ठाऊक? तू तर पाहिलं होतंस ना?"

"नव्हतं पाहिलं."

इंजिन उलटं फिरलं, सगळं जहाज थरथरलं. धडक बसली नाही. पण लोखंडाला लोखंड घासत गेलं, आणि तो आवाज दोन्हीकडच्या माणसांनी दात आवळून ऐकला.

दार उघडलं, तेव्हा एबो नावाचा एक कोळी दोन्ही हात डोक्यावर धरून साखळीवर बसलेला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं विचारलं, हे ग्रीस का. पांतेलिसनं मान हलवून नाही म्हटलं, आणि हात देऊन त्याला बाहेर काढलं.

डाकारवाल्यांनी एबोला उतरू दिलं नाही. खोटं सांगितलं म्हणून चौकशी होईपर्यंत कप्तानानं पांतेलिसलाही उतरू दिलं नाही. नवा मुकादम जहाजावर चढला, जुना खाली गेला नाही, आणि दोघांना घेऊन जहाज टाकोराडीला परत निघालं. कप्तानाचा गेला तो जहाजाचा खरवडलेला रंग, आणि मालकांपुढची थोडी पत. पांतेलिसची नोकरी गेली. एबोला ज्या धक्क्यावरून चढला त्याच धक्क्यावरून पोलिसांनी नेलं. आणि या जहाजाची शिडी जिनं जन्मात पाहिली नव्हती, ती कालिओपी रविवारी मामाचा हात धरून चर्चपर्यंत चालत गेली.