कुठवर गेला होतात, डॉक्टर?

वर्ना क्विस्टाडच्या टेबलामागच्या भिंतीवर एक पाटी होती: ‘लिहिलं नाही, तर झालं नाही.’ अक्षरं तिनेच भरतकामाने काढली होती, कडेने निळी फुलंही. उत्तर मिनेसोटातल्या त्या छोट्या इस्पितळात एकोणीस वर्षं तिचं एकच काम होतं. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने झालेल्या तपासण्यांचे अहवाल वाचायचे आणि प्रत्येकाला पाच आकडी कोड द्यायचा, म्हणजे माणसाच्या आत नेमकं काय घडलं हे विमा कंपनीला कळतं. दुर्बीण पार टोकाला गेली तर ‘पूर्ण’, वाटेतून परतली तर ‘अपूर्ण’. डॉक्टरने ‘टोक गाठलं’ असं लिहिलं नसेल तर दुर्बीण टोकाला गेलेली नाही. मग ती जाताना साऱ्या गावाने पाहिलेली का असेना.

सारं गाव पाहायला आलं नव्हतं, पण वर्नाने पाहिलं. बावन्नाव्या वर्षी तिची स्वतःची तपासणी झाली तेव्हा तिने गुंगीचं इंजेक्शन नाकारलं. इतकी वर्षं जे कागदावर वाचलं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आदल्या संध्याकाळी ती आतडं साफ करणारं, लिंबाच्या वासाचं गॅलनभर औषधी पाणी प्यायली. त्या रात्रीबद्दल ती पुढे कुणाशीच बोलली नाही. सकाळी मात्र पडद्याकडे बघत ती आनंदाने ओरडली होती, “डॉक्टर, ते बघा अपेंडिक्सचं तोंड! आलं टोक!”

“आलं,” डॉ. टॉफ्ट म्हणाले होते. मोठ्याने, स्पष्ट.

पण तो टॉफ्ट यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि खाली केक कापायला सगळे खोळंबले होते. त्यांनी अहवालात लिहिलं: ‘आतडं उत्तम स्वच्छ. गाठ नाही. रुग्ण सतत बोलत होती.’ सही केली आणि ते केक खायला गेले.

स्वतःचा अहवाल स्वतः हाताळायचा नाही, हा नियम. म्हणून तो शेजारच्या टेबलावर रोशेलकडे गेला. रोशेलला हे काम वर्नानेच शिकवलं होतं, आणि दुर्दैवाने चांगलं शिकवलं होतं.

“वर्नाबाई, तुमचं अपूर्ण निघालं हो,” रोशेल म्हणाली.

“काय अपूर्ण? अगं, मी स्वतः बघितलं!”

“तुम्ही रुग्ण आहात. रुग्णाचं बघणं कोण धरतं?”

वर्नाने तपासणीत निघालेला फोटो पिशवीतून काढून दाखवला. गुलाबी भिंत, मधोमध बारीकसं भोक. “हे बघ, हे अपेंडिक्सचं तोंड.”

“खाली काही लिहिलंय का? नाव, जागा, काही? नाही ना? मग माझ्या लेखी हा चंद्रावरचा खड्डा आहे. चित्रं वाचणं आपलं काम नव्हे, हे कोणी शिकवलं मला?”

वर्नाला राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी इस्पितळाचं पत्र आलं: ‘प्रिय रुग्ण, आपली तपासणी अपूर्ण राहिल्याने ती पुन्हा करणे आवश्यक आहे. औषधी पाणी सोबतच्या सूचनेनुसार घ्यावे.’ पत्राचा मसुदा तिचाच होता. ‘आवश्यक आहे’च्या जागी ‘बरे होईल’ लिहा असं कुणीतरी सुचवलं होतं, ते तिनेच खोडून काढलं होतं.

त्या पाण्यातून सुटायचा एकच मार्ग होता. तीस दिवसांच्या आत डॉक्टरने सहीनिशी खुलासा करायचा. टॉफ्ट यांचं इस्पितळाच्या संगणकावरचं खातं बंद झालेलं, फोन ते उचलत नव्हते. एकोणतिसाव्या दिवशी वर्नाने अहवालात काही राहिलं की डॉक्टरांना पाठवायचं ते छापील प्रश्नपत्र घेतलं, शेजारच्या सीटवर लिंबाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि दोन तास गाडी चालवत त्यांच्या तळ्याशी पोचली. डबा तिने गाडीतच ठेवला. उत्तराआधी खाऊ दिला तर त्याला आमिष म्हणतात.

फेब्रुवारीतलं तळं दगडासारखं गोठलेलं. त्यावर एक लाकडी खोपी, आत शेगडी. डॉ. टॉफ्ट पालथ्या बादलीवर बसून मासे शोधायला बर्फातल्या भोकात वायर सोडत होते. वायरीच्या टोकाला कॅमेरा, आणि मांडीवर छोटा पडदा.

“हळू... वळण आलं... जरा मागे,” ते स्वतःशीच पुटपुटत होते. मग वर पाहून दचकले. “वर्ना? अगं बाई, इथेही?”

“एकच प्रश्न आहे, डॉक्टर.”

“तुझे अकराशे प्रश्न अजून माझ्या स्वप्नात येतात.”

“येऊ दे की बिचारीला आत,” कोपऱ्यात लोकर विणत बसलेल्या त्यांच्या बायकोने, ग्लेनिसने, थर्मासमधली कॉफी पुढे केली. वर्नाने नको म्हणून मान हलवली आणि उभ्यानेच कागद वाचला. “‘अहवालात तपासणी कुठवर झाली याचा उल्लेख नाही. कृपया योग्य पर्याय निवडावा. अ, टोकापर्यंत. ब, टोकापर्यंत नाही. क, इतर. ड, सांगता येत नाही.’”

“तूच होतीस ना तिथे? सांग, कशावर खूण करू?”

“मला सांगता येत नाही. उत्तर सुचवलेलं चालत नाही.”

“पण तुला माहितीये!”

“मला काय माहितीये याला काही अर्थ नाही.”

ग्लेनिसने सुया खाली ठेवल्या. “अहो, गेला होतात ना टोकापर्यंत? मग करा ना ‘अ’वर खूण, कशाला त्या बाईला ताटकळत ठेवता?”

“ग्लेनिस!” वर्ना किंचाळली. “हे सुचवणं झालं!”

टॉफ्ट यांचं पेन ‘अ’वर टेकायच्या बेतात होतं. खूण झाली असती तर कुणाला कळलं असतं? तिघांना, आणि खालच्या माशांना. वर्नाच्या जिभेवर त्या लिंबाच्या पाण्याची चव आली. तिने डोळे मिटले, कागद ओढून घेतला, पिशवीतून कोरी प्रत काढली आणि ग्लेनिसला पाच मिनिटं बाहेर उभं राहायची विनंती केली.

ग्लेनिस बाहेर गेली, काय बोलली ते वाऱ्यात विरलं. वर्नाने प्रश्न पुन्हा पहिल्यापासून, एकाच सुरात वाचला.

टॉफ्ट यांनी वायर आणखी थोडी खाली सोडली. “खरं सांगू? त्या दिवशी मी चौदा तपासण्या केल्या. डोक्यात केक होता. तुझा चेहरा आठवतो, बडबड आठवते. बाकी नाही आठवत. आठवत नसेल ते लिहू नका, असं तूच अकराशे वेळा कळवलंस मला.” आणि त्यांनी ‘ड’वर खूण करून सही केली.

वर्नाने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. तेवढ्यात पडद्यावर चिखल दिसला. टॉफ्ट यांनी खिशातून वही काढून लिहिलं, ‘तळ गाठला. चोवीस फूट. ११.४०.’ मागची पानंच्या पानं तशीच भरलेली.

“इथे लिहिता?” वर्नाचा आवाज चिरकला.

“इथे कुणी विचारत नाही गं. म्हणून लिहावंसं वाटतं.”

जाताना तिने वड्यांचा डबा आणून दिला. उत्तर मिळालं होतं, आता तो नुसता खाऊ होता.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा गॅलनभर पाणी प्यायली. या खेपेला तिने गुंगीचं इंजेक्शन मागून घेतलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी दोन पानी अहवाल लिहिला, टोक गाठल्याची वेळ मिनिटासकट.

“कसं झालं?” तिला घरी सोडताना रोशेलने विचारलं.

“मला काय माहीत? मी झोपले होते. पूर्ण झालं म्हणून लिहिलंय.”

घरी फ्रिजवर चुंबकाखाली पहिला फोटो होता. तिने नवा शेजारी धरला. तेच गुलाबी, तेच भोक, उजवीकडची घडीसुद्धा तीच. नव्याखाली नाव होतं, तारीख होती, जागा होती. वर्नाने नवा लावला आणि जुना कचऱ्यात टाकला. कुणाचा होता कोण जाणे.