शिटीआधीचा दिवा

आइस हॉकीच्या रिंकवर, उत्तरेकडच्या गोलामागे, काचेला लागून, एक माणूस जेमतेम बसेल एवढी लाकडी खोपटी होती. बत्तीस वर्षं तिथे ओरेस्ट हाव्रिलुक बसले. सप्टेंबरात ते गेले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्याला त्यांची मुलगी लारिसा तिथे येऊन बसली, कारण गावात दुसरं कुणी तयार नव्हतं.

काम म्हटलं तर सोपं. पक, म्हणजे खेळातली काळी रबरी चकती, रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला की हातातलं बटण दाबायचं. डोक्यावरचा लाल दिवा लागतो आणि गोल झाल्याचं सगळ्या रिंकला कळतं. बाकी काहीच करायचं नाही. टाळी वाजवायची नाही, हळहळायचं नाही, खेळाडूंशी बोलायचं नाही. दोन हातांवर आपल्याच गावचा गोलरक्षक चुकत असला तरी खोकायचंसुद्धा नाही. ओरेस्ट जन्मभर गावाच्या धान्यकोठारावर काट्याशी बसले होते. काट्यावर बसणाऱ्यानं गाडी कुणाची ते बघायचं नसतं, असं ते म्हणत, आणि रिंकवरही तसेच बसत. लारिसा लहानपणी त्यांच्या गुडघ्याला टेकून तिथेच उभी राहायची. तेव्हा त्यांनी तिला या कामातला एकच नियम सांगितला होता.

"उशीर झाला तरी चालेल, दोन्या, माझ्या लेकी. दिवा उशिरा लागला तर कुणाचं काही बिघडत नाही."

गावच्या पेलिकन्स संघाची यंदा नव्यानं बांधणी चालली होती. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक दोन्ही एकच, ग्लेन पास्को. त्यानं उन्हाळ्यात सगळे जुने, दणकट बचावपटू दुसऱ्या संघांना देऊन टाकले होते. तीन वर्षांनी बघा, असं तो सभेत म्हणाला. तोवर बचावाला जी सहा पोरं होती त्यांतली चार अजून शाळेत जात होती. लारिसाच्या मागच्या बाकावर वॉल्टर बसायचा. तो ओरेस्टचा कोठारावरचा जुना सोबती. पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांवर घोंगडी, आणि तोंड अखंड चालू. संघाच्या पुढच्या तीन वर्षांचं भविष्य तो दर सामन्याला फुकट सांगायचा.

"नवं घर बांधायचं म्हणून भिंती पाडल्या," तो म्हणायचा. "दार तेवढं उभं ठेवलं. आता घरात वारा शिरला की सगळं गाव दाराला शिव्या घालतं."

दार म्हणजे गोलरक्षक एमरी देजार्ले. वीस वर्षांचा, उत्तरेकडच्या सरोवराकाठचा. त्याचा बाप हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून जाळी टाकायचा. या पातळीवरचं एमरीचं हे शेवटचं वर्ष. एकविसाव्या वर्षी इथून सगळ्यांनाच उठावं लागतं. फेब्रुवारीत सीमेपलीकडच्या एका कॉलेजचा माणूस त्याचा खेळ बघायला येणार होता. त्याला एमरी पसंत पडला तर चार वर्षं शिक्षण आणि हॉकी दोन्ही. पण त्याआधी पेलिकन्सनी त्याला सोडलं, तर सगळंच संपलं. वीस वर्षांचे खेळाडू एका संघाला मोजकेच ठेवता येतात, आणि जानेवारीपर्यंत त्या जागा सगळीकडे भरलेल्या असतात.

गोलामागून लारिसाला जे दिसायचं ते समोर बसलेल्या गावाला दिसत नव्हतं. गावाला दिसायचा जाळीतला पक आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलेला एमरी. लारिसाला त्याआधीचं दिसायचं. ब्रोडी कोस्त्युक नावाचा सतरा वर्षांचा बचावपटू पककडे बघत राहायचा आणि पाठीमागून येणारा माणूस विसरायचा. मग लांबच्या खांबाशी कुणीतरी मोकळाच उभा असायचा, आणि एमरीला दोन्ही खांब एकट्यानं सांभाळावे लागायचे. त्यात त्याचा डावा गुडघा केसभर उशिरा खाली यायचा. ब्रोडीला कुणी एक वाक्य सांगितलं असतं तरी महिन्याला आठ गोल वाचले असते. काचेच्या अलीकडे बसून तिनं ते वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला एक चाल आली होती. माणूस बघ, पक नको. माणूस बघ, पक नको.

डिसेंबरात न राहवून ती रिंकच्या कँटीनमध्ये ग्लेनशी बोलली. गोलपंचानं असं बोलायचं नसतं हे तिला माहीत होतं. ग्लेननं कॉफी ढवळत सगळं ऐकून घेतलं.

"लारिसा," तो शेवटी म्हणाला, "तू दिवा लाव."

जानेवारीतल्या त्या रविवारी सामना दुपारी दोनला होता. बाराच्या सुमारास कँटीनमध्ये चर्चच्या बायकांनी केलेल्या पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खाता खाता ग्लेन समितीच्या लोकांशी बोलत होता, आणि आवाज खाली आणायची त्याला काही गरज वाटत नव्हती. शेजारच्या प्रांतातल्या एका संघाकडे अठरा वर्षांचा गोलरक्षक रिकामा बसलाय. पोरगं उंच आहे आणि तीन वर्षं टिकेल. आज एमरीनं तीन गोल खाल्ले तर आपण फोन उचलणार. दोनवर थांबला तर वर्षअखेरपर्यंत हात लावणार नाही. हेच त्यानं एमरीलाही सकाळी सांगितलं होतं. ग्लेन कठोर होता, पण शब्दाचा पक्का होता.

सामन्याआधी एमरी गोलाशी आला. त्यानं डाव्या खांबावर स्टिक आपटली, उजव्या खांबावर आपटली, मग मागे वळून काचेवर दोन टिचक्या मारल्या. ओरेस्ट असताना तो हेच करायचा, आणि ओरेस्ट उत्तरादाखल थर्मासचं झाकण जरासं वर उचलायचे. नियमात बसेल इतपतच. लारिसानं ऑक्टोबरापासून झाकण कधी उचललं नव्हतं. ते तिला आपलं वाटत नव्हतं. त्या दिवशी मात्र तिनं ते हातात घेतलं, पण तोवर एमरी वळला होता.

पहिल्या सत्रात एमरी तिच्या पुढ्यात होता आणि एकच गोल झाला. लांबचा खांब, मोकळा माणूस. ब्रोडी पक बघत होता. दुसऱ्या सत्रात संघांनी बाजू बदलल्या, तेव्हा एमरी पलीकडे गेला आणि तिथला दिवा एकदा लागला. दोन. तिसऱ्या सत्रात तो परत तिच्यासमोर आला. पेलिकन्सनीही दोन गोल केले होते. वॉल्टरनं घोंगडी पायांवरून काढून शेजारी ठेवली. त्यावरूनच तिला कळलं की हा आता गंमत करणार नाही.

एमरी त्या वीस मिनिटांत जसा खेळला तसं तिनं त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. गुडघा वेळेवर खाली येत होता. ब्रोडीही, का कोण जाणे, माणसं बघू लागला होता. घड्याळात चार मिनिटं उरली, मग तीन. लारिसाच्या हातातलं बटण घामानं ओलं झालं होतं. त्या हिवाळ्यात या बाजूला तिनं तो दिवा साठ-बासष्ट वेळा लावला होता. डोळ्यांआधी अंगठ्यालाच सगळं कळू लागलंय, असं तिला अलीकडे वाटायचं, आणि त्यात तिला आपण शिकल्याचा थोडा अभिमानही होता.

दोन मिनिटं राहिली असताना फटका आला. एमरीनं तो पायावर घेतला. पक घसरत त्याच्या डाव्या पॅडखाली गेला आणि रेषेवर थांबला. रेषेवर, पलीकडे नाही. एमरी त्यावर बसला होता. ब्रोडी हल्ला करणाऱ्याच्या स्टिकवर आपली स्टिक दाबून धरून, दात खाऊन उभा होता. पक दिसेनासा झाला की पंच शिटी वाजवून खेळ थांबवतो; कोपऱ्यातल्या पंचाला अजून पकची कड दिसत होती, म्हणून त्यानं ती वाजवली नव्हती.

आणि तिचा अंगठा दाबला गेला.

बर्फावर लाल उजेड पसरला. ब्रोडीनं मान वर करून दिव्याकडे बघितलं आणि स्टिक उचलली. एमरीला दिवा दिसत नव्हता, पण गुडघ्यांपुढचं बर्फ लाल झालेलं दिसलं. त्याचे खांदे खाली आले. पॅड दोन बोटं वर उचललं गेलं, दमलेला माणूस उठायच्या आधी हलतो तसं. मोकळ्या सुटलेल्या स्टिकनं पक आत ढकलला. मग शिटी वाजली, आणि पंचानं गोलाकडे हात केला.

सगळं मिळून एका श्वासाएवढं. समोरच्या बाकांवरून बघणाऱ्यांना गोल आणि दिवा एकदमच दिसले. फक्त मागून वॉल्टर हळूच म्हणाला, "पोरी."

सामना तीन-दोननं गेला. लारिसा पंचांच्या खोलीशी गेली. बत्तीस वर्षांत ओरेस्ट त्या दारापाशी गेले नव्हते. चूक आपली आहे, दिवा आधी लागला, तेव्हा पक रेषेवर होता आणि दिव्यामुळेच ब्रोडी आणि एमरीनं सोडून दिलं, असं तिनं क्रमानं सांगितलं. पंच स्केटच्या नाड्या सोडत होता. त्यानं शांतपणे ऐकलं.

"पक आत गेला तेव्हा मी बघत होतो," तो म्हणाला. "शिटी वाजली नव्हती. दिवा लोकांसाठी असतो, बाई. माझ्यासाठी नाही."

"पण त्या पोरांनी दिवा बघितला."

"शिटी ऐकायची असते. हे त्यांनाही माहीत आहे." त्यानं दुसऱ्या पायाच्या नाडीला हात घातला. नियमानं त्याचं बरोबर होतं.

बाहेरच्या बोळात खेळाडूंचे बूट भिंतीला लागून ओळीनं ठेवले होते. ती तिथे जरा थांबली. सप्टेंबरात इस्पितळात डॉक्टर म्हणाले होते की तिचे वडील, तिचे तातो, फार तर दोन दिवस काढतील. तिनं कॅलगरीत राहणाऱ्या भावाला फोन करून ये म्हटलं. मग घरी हात रिकामे राहीनात म्हणून तातोंचा हिवाळी कोट आणि बूट चर्चच्या बाजाराला देऊन आली, आणि रिंकची किल्ली ग्लेनकडे. तातो त्यानंतर अकरा दिवस जगले. चौथ्या दिवशी उठून बसले आणि खिडकीपर्यंत जायचंय म्हणून त्यांनी बूट मागितले. घरी आहेत, ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि पाय परत वर घेतले. पुन्हा काही मागितलं नाही.

ग्लेन आपल्या कोंदट खोलीत फोनशेजारी बसला होता. तिचं बोलणं त्यानं पुरतं ऐकून घेतलं, या वेळी काही ढवळलं नाही.

"दोनच झाले असते तर मी त्याला ठेवला असता," तो म्हणाला. "खरंच ठेवला असता. आज चांगला खेळला तो."

"मग ठेव."

"फोन करून झाला. शेवटची शिटी वाजली तशी मी आत येऊन फोनच केला. ते पोरगं निघालंय तिकडून, बाप गाडी चालवतोय." त्यानं कपाळ चोळलं. "तू पाच मिनिटं आधी आली असतीस तर..."

ती पाच मिनिटं पंचाच्या दारात गेली होती.

एमरी मागच्या दारापाशी पिकअपमध्ये सामान भरत होता. त्याची मोठी पॅड, जाळीदार हातमोजा, दोन स्टिका. लारिसा त्याला सांगायला गेली. बर्फाचा बारीक चुरा वाऱ्यानं दोघांच्या मधून जात होता. तिनं पंचाला सांगितलं तेच त्याच क्रमानं त्याला सांगितलं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की तिचं सांगणं आता अधिकाधिक नीट होत चाललंय, आणि तिला त्याची लाज वाटली.

"मला माहीत आहे," एमरी म्हणाला. "तो आत नव्हता. मला पायाखाली लागत होता."

"मग तू उठलास का?"

त्यानं स्टिका आत सरकवल्या. "लाल दिसलं ना. वाटलं, झाला असेल. यंदा होतोच." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "शिटीपर्यंत थांबायचं असतं. सहा वर्षांचा असल्यापासून शिकवलंय मला. तुमचं काही नाही त्यात."

तिला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर निदान ते तरी तिला घेता आलं असतं. कॉलेजच्या माणसाला मी पत्र लिहीन, ती म्हणाली. तो हो म्हणाला, मोठ्या माणसाच्या समाधानासाठी म्हणावं तसा. गोलपंचाच्या पत्रावर कुणी गोलरक्षक घेत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

ती गाडीत जाऊन बसली. काच आतून धुक्यानं भरली होती. इंजिन गरम व्हायची वाट बघत असताना पिकअप शेजारी येऊन क्षणभर थांबल्याचा आवाज आला आणि काचेवर दोन टिचक्या वाजल्या. एमरीला काही सांगायचं असेल म्हणून तिनं घाईनं काच खाली केली. पिकअप तोवर फाटकाबाहेर वळत होती.

पत्र तिनं लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या शनिवारी नवा गोलरक्षक आला. खरंच उंच होता. त्यानं दोन्ही खांबांवर स्टिक आपटली आणि समोर बघत उभा राहिला. मागे काच आहे आणि काचेमागे कुणी बसतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. ब्रोडी पक बघत होता. सहाव्या मिनिटाला लांबच्या खांबाशी एक माणूस मोकळा सापडला आणि त्यानं पक जाळीत मारला. पक जाळीला लागून खाली पडला, स्थिर झाला. पंचानं हात केला, शिटी वाजली, पाहुण्या संघाची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. नव्या पोरानं पक काढण्यासाठी जाळीत स्टिक घातली. लारिसा अजून पककडे बघत होती. तो रेषेच्या आत होता, हातभर आत, कुणालाही दिसेल असा.

"झोपलीस काय गं?" मागून वॉल्टर म्हणाला.

तिनं बटण दाबलं. पोरं तोवर मध्यरेषेकडे निघून गेली होती, आणि रिकाम्या गोलावर लाल दिवा लागला.