गेली

भिंगरी सरांना आयुष्यात कुणी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. क्रीडाशिक्षकाची नोकरी, पोरांना ‘सावधान’मध्ये उभं करायचं आणि आपण मैदानभर गरगर फिरायचं. आज मात्र त्यांना अरुंद टेबलावर निजवून दम भरला होता, उजवा हात जराही हलवायचा नाही. मनगटातून शिरलेली नळी थेट हृदयाशी पोचली होती.

पायाचे अंगठे तेवढे चादरीखाली वळवळत होते. खरी वळवळ डोक्यात होती. छातीत कालपासून दुखतंय हे लपवलं म्हणून बायको सकाळी भडकली होती. “मी जातेच भावाकडे. बसा दुखणं कुरवाळत!”

“जा खुशाल,” हे म्हणाले आणि दारातच कोसळले.

रुग्णवाहिकेत ती सोबत होती, पण तोंड फिरवून बसली होती. आता बाहेर असेल का? की गेली असेल?

“रक्ताची गुठळी अडकलीय, सर. ओढून काढतेय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. सिरिंजचा दट्ट्या मागे खेचला. पडद्यावर वाट मोकळी दिसताच सहायक ओरडला, “गेली!”

“गेली? भावाकडे?” सर कोपरावर उठायला लागले.

“हात!” डॉक्टरबाई कडाडल्या. नर्सनं अख्खं वजन त्यांच्या दंडावर टाकलं. “गुठळी नळीच्या टोकाला आहे अजून! ओढ सैल पडली, तर सुटून मेंदूत जाईल. सर, सावधान!”

सर जागच्या जागी ताठ झाले. अंगठेसुद्धा थांबले. नळी हळूहळू बाहेर आली आणि सिरिंजमधून मसुराएवढा काळपट गोळा वाटीत पडला.

“‘गेली’ काय म्हणतोस?” डॉक्टरबाई सहायकावर डाफरल्या. “‘निघाली’ म्हणावं.”

“तेही नको,” सर पुटपुटले.

रक्तवाहिनीत छोटी जाळी बसवून त्यांना बाहेर आणलं, तेव्हा ती दाराशीच उभी होती. रडून डोळे सुजलेले. सरांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

“मला वाटलं, तू गेलीस.”

“कुठे जाणार?” ती फणकारली. “एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात तुमची!”