गट्टूंच्या पलीकडे उरलेली मी

मी तळ्याकाठची हिरवळ बोलतेय. तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे लक्ष गेलं नसेल. धुळ्याहून शिंदखेड्याच्या बाजूला निघालात की वाटेत एक लहानसं बाजाराचं गाव लागतं. गाव संपतं तिथे तळं आहे, आणि तळं आणि रस्ता यांच्या मधे मी आहे. बोर्डावर मला ‘उद्यान’ म्हटलंय. गावातले लोक नुसतं ‘तळ्यावर’ म्हणतात. ‘तळ्यावर जाऊन येतो’ याचा अर्थ माझ्यावर येऊन जातो.

मला कुणी मुद्दाम लावलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात हे तळं खोदलं गेलं. भर उन्हात बायाबापड्यांनी घमेल्यांनी माती वर काढली आणि काठावर टाकली. पुढे पाऊस आला, तळं भरलं, ती माती निवली आणि तिच्यातून हरळी फुटली. तीच मी. कुणाच्या तरी घामाच्या ढिगावर मी उगवले, हे मी विसरलेले नाही.

खानदेशातला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. चैत्र-वैशाखात मी पिवळी पडायची, कडकडीत व्हायची. लोकांना वाटायचं, गेली ही. पण तळ्याची ओल माझ्या मुळांपर्यंत येत असे. वरून मेल्यासारखी आणि आतून जागी, असे ते महिने जायचे. पाणी पडलं की आठवड्याभरात मी पुन्हा हिरवी.

माझ्यावर माणसं फार आली. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली पहाटे अनवाणी पळायची. त्यांच्या टाचांनी माझ्यात एक गोल वाट पडली होती. निवृत्त मास्तर चालायला यायचे आणि चालण्यापेक्षा बसायचेच जास्त. सुना घरून लवकर निघायच्या आणि इथे येऊन सासवांबद्दल बोलायच्या. थोड्या वेळाने त्यांच्या सासवा यायच्या आणि सुनांबद्दल बोलायच्या. मी दोघींचं ऐकलं, कुणाचं कुणाला सांगितलं नाही. शेळ्या आल्या, लग्नाचे मांडव आले, क्रिकेटचे खड्डे पडले. मला सगळ्यांनी तुडवलं. हिरवळीला तुडवलं जाण्याचं दुःख नसतं. पाय उचलला की आम्ही परत वर येतो.

या सगळ्यांत दोन माणसं माझी होती. लखीचंदशेठ आणि त्यांची बायको कुसुमलता.

बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. शेठचे आजोबा राजस्थानातून इकडे आलेले. घरात आपसात ते मारवाडीत बोलत, पण मी तुम्हाला त्यांचं बोलणं मराठीतच सांगते. दुकान उघडायच्या आधी दोघं रोज तळ्यावर यायची. पाऊलवाटेशी आले की शेठ बूट-मोजे काढायचे, धोतर थोडं वर खोचायचे आणि माझ्यावर उतरायचे. बाभळीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून बाभळीपर्यंत. त्यांचे पाय जड होते, टाचा भेगाळलेल्या होत्या. मला त्या टाचा ओळखू यायच्या.

कुसुमलता मात्र कधीच माझ्यावर आली नाही. ती पाऊलवाटेच्या मातीवर उभी राहायची, शेठच्या बुटांजवळ. हिरव्या गवतात जीव असतो, त्यावर पाय द्यायचा नाही, असा तिचा नियम होता. लहानपणी महाराजसाहेबांसमोर, म्हणजे जैन मुनींसमोर घेतलेला नियम. तिने तो कुणावर लादला नाही, शेठवरसुद्धा नाही. फक्त स्वतः पाळला.

“अगं, ये ना,” शेठ कधी कधी हाक मारायचे. “एकदा बघ तरी.”

“मी इथूनच बघते,” ती म्हणायची. मग थोडं थांबून विचारायची, “आज कसं लागतंय?”

हा प्रश्न रोजचा होता. आणि शेठ रोज खरं उत्तर द्यायचे. “आज दव फार आहे, पाय बधिर झाले.” “आज टोचतंय गं, पाऊस लांबला.” “आज काय सांगू, मलमलीसारखं.” कापडवाला माणूस, त्याला दुसरी उपमा कुठून सुचणार! ती ऐकायची, मान हलवायची. माझ्याबद्दल तिला जे काही ठाऊक होतं ते सगळं त्यांच्या पायांमधून ठाऊक होतं.

मला तिची ओढ लागली ती तेव्हापासून. सगळं गाव माझ्यावरून चालून गेलं होतं. जिने मला जपलं, तिचं वजन तेवढं मला माहीत नव्हतं.

एका वर्षी शेठ आले नाहीत. दुकानातच बसल्या जागी गेले, असं मास्तर एकमेकांना सांगत होते. बऱ्याच दिवसांनी कुसुमलता एकटी आली. त्याच मातीवर, त्याच जागी उभी राहिली. तिच्याजवळ बूट नव्हते. ती बाभळीकडे बघत होती. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “आज कसं लागतंय?”

मला बोलता येत असतं तर मी त्या दिवशी सांगितलं असतं. रात्री दव पडलं होतं. गार लागलं असतं.

ती रोज येत राहिली. तिचा मुलगा प्रेमराज तिला गाडीने सोडायचा आणि मोबाईलवर बोलत उभा राहायचा. प्रेमराज वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याचं वडिलांवर प्रेम होतं. वडिलांच्या नावाने गावात काहीतरी उभं राहावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच सुमारास तळ्याच्या सुशोभीकरणाचा बेत ठरला. रस्त्याच्या बाजूला गाड्या लावायला जागा, मधे खाऊच्या टपऱ्या, आणि पाण्याच्या काठाला कारंजं असलेला एक मोठा चौक. सगळीकडे गट्टू. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे रंगीत ठोकळे, ज्यांना शहरात पेव्हर ब्लॉक म्हणतात. त्या चौकासाठी प्रेमराजने देणगी जाहीर केली. चौकाचं नाव ठरलं: लखीचंद स्मृती चौक.

आईला त्याने सांगितलं नाही. तिला एकदम उद्घाटनालाच आणायचं, असं त्याच्या मनात होतं.

रस्त्याच्या बाजूचं काम आधी सुरू झालं. माझ्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. जेसीबीने माझी वरची माती खरवडली. ती कशी गेली ते मी सांगणार नाही. तुमच्यातल्या कुणाची त्वचा भाजली असेल त्याला कळेल. त्यावर दगडाची बारीक कच टाकली, ती दाबली, आणि गट्टू बसू लागले.

गट्टू बसवणाऱ्यांत बिजलीबाई होती आणि तिचा नवरा भुरा. सातपुड्याच्या पायथ्याकडची माणसं. पावसावरची शेती, ती आटोपली की मजुरीला बाहेर पडायचं. बिजलीबाई दुपारी काम थांबलं की माझ्या उरलेल्या भागात येऊन बसायची, भाकरी सोडायची आणि पाय लांब करायची.

रस्त्याकडचं काम कुसुमलता रोज बघत होती, पण एका सकाळी पाण्याकडच्या भागातही रेघा पडलेल्या पाहून ती चपापली. तिने बिजलीबाईलाच विचारलं, “हे कुठपर्यंत करणार गं?”

“बठ्ठं,” बिजलीबाईने हाताने पाण्यापर्यंतचं सगळं दाखवलं. “तठलोंग. कारंजा बी शे. कोन्या तरी मेल्या शेठना नाववर शे म्हणे.”

“कोणत्या शेठच्या?”

“ते माले काय ठाऊक, शेठाणी.” मग ती आपणहून म्हणाली, “आम्हना गावले नुस्तं गवतच शे. ते सोडीसन आम्ही आठे उनूत, गवतवर गट्टू टाकाले.” आणि ती हसली. कुसुमलता हसली नाही.

तिने गाडीत बसल्यावर प्रेमराजला विचारलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, आता ती येणारच नाही.

पाण्याकडच्या भागाचं भूमिपूजन होतं. लहानसा मांडव, खुर्च्या, नारळ, हार घातलेला लखीचंदशेठचा फोटो. जेसीबी बाजूला तयार उभा. बिजलीबाई आणि बाकीची माणसं घमेली घेऊन थांबलेली. प्रेमराज नव्या सदऱ्यात सगळ्यांचं स्वागत करत होता.

कुसुमलता रिक्षातून उतरली. पाऊलवाटेने आली, नेहमीच्या मातीवर थांबली. तिने चपला काढल्या. मग डोळे मिटून हात जोडले, पुटपुटत कुणाची तरी क्षमा मागितली. आणि ती माझ्यावर आली.

हलकी होती ती. इतकी हलकी की माझी पाती पुरती वाकलीसुद्धा नाहीत. ती बाभळीच्या पुढे चालत आली, जेसीबीच्या समोर, आणि खाली बसली. तिने तळहात माझ्यावर टेकवला.

“गारच आहे हो,” ती म्हणाली. मांडवातल्या कुणालाही ते ऐकू गेलं नाही.

प्रेमराज धावत आला. “बाई, हे काय? ऊठ. लोक बघताहेत.” त्यांच्या घरात आईला बाई म्हणतात.

“बघू दे.”

“अगं, तुझा नियम! तू हिरव्यावर बसलीस!”

“माझं मला माहीत आहे. त्याचं काय करायचं ते मी करीन.”

“पण हे सगळं बाबूजींच्या नावाने चाललंय, बाई. मी त्यांच्यासाठीच…”

“प्रेम,” ती म्हणाली, “तुझ्या बाबूजींना दिवसभर दुकानाची फरशीच होती पायाखाली. सकाळची एवढी वेळ ते इथे यायचे. त्यांना आवडलेली ही एक जागा, ती बुजवून वर त्यांचं नाव लिहितोस?”

प्रेमराजने वळून मांडवातल्या फोटोकडे पाहिलं. ठेकेदार मजुरांवर ओरडू लागला. बिजलीबाई पुढे आली आणि कुसुमलतेजवळ वाकली.

“शेठाणी, उठा ना. तुम्ही बठनात त काम बंद पडी. आम्हले घर धाडी देतीन.”

कुसुमलतेने मान वर केली. हे तिच्या मनात आलं नव्हतं. “तुझं नुकसान होतंय, ते मला दिसतंय,” ती म्हणाली. “तरी मी उठणार नाही. तू मला बोल लाव.”

बिजलीबाईने बोल लावला नाही. तिने घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. त्या दिवशी नारळ फुटला नाही. मजुरांना संध्याकाळी जायला सांगितलं. बिजलीबाई बोचकं डोक्यावर घेऊन गेली, तेव्हा वळून माझ्याकडे नाही, तिने बसवलेल्या गट्टूंकडे पाहिलं. ते सरळ रांगेत बसले होते.

नंतरचं मी माझ्यावर बसणाऱ्यांकडून ऐकलं. घरी जाऊन कुसुमलतेने प्रायश्चित्ताचे उपास केले. प्रेमराज काही दिवस आईशी बोलला नाही. मग ग्रामसभेत उभा राहून त्याने सांगितलं की वडिलांच्या नावाचा चौक नको, पाण्याकडची हिरवळ आहे तशी ठेवा. देणगीदारच नको म्हणतो म्हटल्यावर बाकीचेही फार ताणून धरेनात. आणि मास्तर, भरतीची मुलं, सासवा, सुना सगळे त्या सभेला गेले होते म्हणे. त्या एका दिवशी सासू-सुना एकाच बाजूने बोलल्या.

अशी मी वाचले. म्हणजे अर्धी वाचले. माझा दुसरा अर्धा भाग गट्टूंखाली आहे. पाऊस आला की त्याला वरचा आवाज ऐकू येतो, पाणी मिळत नाही. ते गटारीकडे वाहून जातं. तिथल्या माझ्या मुळांची अजून वाट बघणं चालू आहे. मी त्यांना काही सांगत नाही.

कुसुमलता आता येत नाही. तिचे गुडघे गेले. ती माडीवर असते, तिथून तळं दिसत नाही. प्रेमराज कधी कधी येतो, गाडीतून उतरतो, बाहेरूनच बघतो आणि जातो.

बाहेरूनच, कारण माझ्याभोवती कुंपण आलंय. मला जपायचं ठरल्यावर लोकांनी ते अगदी मनावर घेतलं. लोखंडी खांब, जाळी, आणि पाटी: ‘हिरवळीवर चालण्यास सक्त मनाई आहे.’ भरतीची मुलं आता डांबरी रस्त्यावर पळतात. त्यांची गोल वाट बुजून गेली. मास्तर गट्टूंवरच्या बाकावर बसतात. रखवालदार शिट्टी घेऊन उभा असतो. मी इतकी दाट, इतकी हिरवी कधीच नव्हते. आणि इतकी एकटीही.

म्हणून तुम्हाला एवढंच विनवते. कुठे तळ्याकाठी, शाळेमागे, गावाबाहेर माझ्यासारखी कुणी उरली असेल, तर तिच्यावर गट्टू घालू देऊ नका. पण तिला देव्हाऱ्यातही बसवू नका. चपला काढा आणि चालून जा. आम्हाला पाय हवे असतात. जिच्यावर कुणी चालत नाही तिच्यासाठी कुणी येऊन बसतही नाही, याची मला भीती वाटते.

कुंपणाचे खड्डे खणायला बिजलीबाईच आली होती. हल्ली ती गावातच दुसऱ्या एका कामावर आहे. एका बाजूला जाळी थोडी सुटली आहे, ते तिला ठाऊक आहे. दुपारी ती तिथून आत येते, भाकरी सोडते, पाय लांब करते, कधी आडवी होते. मग शिट्टी वाजते. ती शिव्या पुटपुटत उठते, लुगडं झटकते आणि जाते.

तिच्या अंगाखाली दबलेलं गवत हळूहळू वर येऊ लागतं. पूर्वी मला याचा अभिमान होता. आता वाटतं, इतक्यात येऊ नये. अजून थोडा वेळ ते तसंच दबलेलं राहावं.